पेलाभर पाण्याची व्यवस्था

पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं काढलेल्या या गृहस्थांना सगळे 'दुसरा टप्पा' म्हणत. नळजोडणीचा अर्ज घेऊन कुणी आलं, की ते चष्मा कपाळावर चढवून नकाशा उलगडत आणि सांगत, "तुमची गल्ली दुसऱ्या टप्प्यात आहे." पहिला टप्पा कुणीच पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर नाव त्यांच्याबरोबर घरी आलं. नकाशाही आला.

मग बायको न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. गणित शिकवणारी मुलगी तोंडावर बोलणारी. ती म्हणाली, "बाबा, आईच्या हाताशी कुणीतरी हवं. बाई ठेवा, नाहीतर महिन्याने मी तिला माझ्याकडे नेते."

"बाई कशाला? मी व्यवस्था करतो."

स्वतः उठून पाण्याचा पेला नेऊन द्यावा, हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. त्यात व्यवस्था कुठे आली?

त्यांनी खेळण्यांच्या दुकानातून रोबोट जोडायचा संच आणला. खोक्यावर 'वय दहा ते चौदा' छापलं होतं, त्यावर कागद चिकटवला. प्लास्टिकचे ठोकळे, चार चाकं, दोन मोटारी, तळहाताएवढा मेंदू आणि पोटाखाली जमीन निरखणारा एक डोळा. काळं दिसलं की त्याच्यामागे जायचं, एवढीच त्याची अक्कल. त्यांना तो पाहताक्षणी आपला वाटला. ओट्यापासून बायकोच्या पलंगापर्यंत, चौदा पावलं, त्यांनी काळी चिकटपट्टी मारली. लॅपटॉपवर रंगीत चौकटी एकाखाली एक जोडून हुकूम लिहिले. खोलीच्या दारापाशी दहा सेकंद थांबायचा हुकूमही घातला.

"तिथं का थांबतो?" बायकोने पलंगावरून विचारलं.

"तपासणी."

"कसली?"

"ते थांबल्यावर ठरवू."

रोज संध्याकाळी ट्यूबलाइटखाली चाचणी चाले. रोबोट कधी वळणावर रुसे, कधी पाणी सांडे. आतून "अहो, घोटभर पाणी" असं आलं, की हे म्हणत, "अगं, प्रोग्रॅम चढतोय, जरा दम धर." मग आतला आवाज बंद होई. हे वहीत लिहीत: तक्रार नाही.

महिना भरला. रविवारी भर दुपारी मुलगी आली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट चढवला, पेला भरून रोबोटवर ठेवला आणि बटण दाबलं. रोबोट निघाला, दारापाशी थांबला. मुलीने घड्याळ पाहिलं. तपासणी उरकून तो खोलीत शिरला. तिथं खिडकीतून ऊन आलं होतं, आणि गजांच्या सहा काळ्या सावल्या फरशीवर पडल्या होत्या. त्याने पट्टी सोडली, तिसऱ्या गजाची सावली धरली, आणि मोठ्या आत्मविश्वासाने जाऊन भिंतीवर आदळला. पेला आडवा झाला.

"ऊन आहे," बाबा म्हणाले. "उन्हाचं दुसऱ्या टप्प्यात घेतलंय."

आई पलंगावरून उठली, वॉकर धरला, ओली फरशी टाळून चौदा पावलं चालत ओट्यापाशी गेली आणि दोन पेले पाणी प्यायली.

"आई, तू चालतेस?"

"तीन आठवडे झाले. हे दुपारी घोरत असायचे, तेव्हा. तहान लागते गं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर यांनी ते यंत्राच्या नावावर लिहिलं असतं."

बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे न्यायची गरजच उरली नाही. ती तर चालतेय."

"चालतेय म्हणूनच निघतेय," आई म्हणाली. "कुणी उचलून न्यावं, हे मला नको होतं. बॅग भर गं."

"परत कधी येशील?"

तीस वर्षं लोक त्यांना असंच काहीतरी विचारत आले होते. विचारायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली.

"नकाशा बघून सांगते," ती म्हणाली, आणि मुलीच्या खांद्याला धरून एकेक पायरी उतरत गेली.

संध्याकाळी त्यांनी ट्यूबलाइट लावली. पेला भरून रोबोटवर ठेवला, बटण दाबलं आणि लगबगीने आत जाऊन बायकोच्या पलंगावर आडवे झाले. रोबोट थेंबही न सांडता आला. दारापाशी थांबला, पुढे आला आणि पलंगापासून दोन हात अलीकडे उभा राहिला. त्यांनी हात लांबवला. पोचेना. उठून घ्यावा, तर चाचणी फसली असं लिहावं लागणार. घशाला कोरड पडली होती. ते तसेच कुशीवर पडून, तो आणखी थोडा पुढे येईल म्हणून वाट पाहत राहिले.