पाचव्या घरचा जोगवा

शकू गेल्यानंतर वर्षभर मी देवीपुढं दिवा लावत होते, पण आतून सगळं कोरडं पडलं होतं. तेव्हा हे कुणालाच सांगितलं नाही. माझी चार वर्षांची पोर गोवरानं गेली आणि जिला तिच्यासाठी नवस बोलले होते, त्या अंबाबाईकडं बघायचीही इच्छा होईना. रागसुद्धा येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, निदान बोलणं तरी चालू राहिलं असतं.

आमचं गाव ईट. आमचा मुलूख तेव्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता. गावात मात्र सगळं जुनंच होतं. मंगळवारी सकाळी सडा पडलेल्या गल्लीत ‘अंबाबाईचा जोगवा’ अशी हाक दिली की दारादारातून बाया मुठीत पीठ नाहीतर धान्य घेऊन यायच्या. किती साधे दिवस होते ते! आमच्या घरात तुळजापूरच्या देवीची परडी होती. ही वेताची लहान टोपली घेऊन दर मंगळवारी पाच घरी जोगवा मागायचा, असा नेम. सासूबाईंचे गुडघे गेले आणि परडी माझ्या हातात आली.

मी नेम पाळत होते, पण लबाडीनं. आमचं पाचवं घर पिंजाऱ्याच्या चाचीचं. शकू दिवसभर तिच्या अंगणात कापसात लोळायची आणि घरी यायची ती केसांत कापूस घेऊनच. आता त्या दारात जायची मला हिंमत होईना. म्हणून चार घरं मागायची आणि पाचवी मूठ आमच्याच कणगीतल्या ज्वारीची टाकायची. सासूबाई विचारायच्या, "पाच घरं झाली का गं?" मी म्हणायचे, "व्हय, आत्या." देवीला फसवायला एवढी धीट मी, आणि कापसाला भ्यायले!

शेवटी ठरवलं, हे नाटक पुरे. येत्या पौर्णिमेला तुळजापूरला जायचं आणि परडी देवीच्या पायाशी ठेवून मोकळं व्हायचं. सासूबाईंनी उभा जन्म ती परडी सांभाळली होती. त्या हाय खातील हे माहीत होतं, तरी मन घट्ट केलं.

त्याच्या आधीच्या मंगळवारी एका वऱ्हाडाच्या बैलगाड्यांनी माझी नेहमीची बोळ अडवली. वळसा घालून पिंजाऱ्याच्या गल्लीतून जाणं भाग पडलं. मान खाली घालून निघाले होते, तोच चाचीनं दारातून हाक मारली, "थांब गं पोरी." ती आत गेली आणि दोन्ही हातांनी एक गाडगं उचलून घेऊन आली. त्यात काठोकाठ ज्वारी होती.

"चाची, हे काय?"

"तुझाच जोगवा हाय. दर मंगळवारी मूठभर काढून वाट बघायची. तू न्हाय आलीस की गाडग्यात टाकायची."

"पर मी तर मागायला आलेच न्हाय."

"मागायला आली न्हाईस म्हनून द्यायचं बंद करायचं व्हय?"

तिनं गाडगं परडीत ओतलं. परडीत मावेना, तेव्हा उरलेली ज्वारी माझ्या पदरात घातली. शकू गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं. त्या दिवशी चाचीच्या उंबऱ्यावर बसून मी पोटभर रडले. त्या गाड्या त्याच दिवशी तिथं का आल्या, हे मला विचारू नका. मला ठाऊक नाही.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं, लबाडीसकट. परडी ठेवायला निघाले होते तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मन लागत न्हाय, तर नको लागू दे. तू नुसती दारात जाऊन उभी ऱ्हा. पुढचं तिचं ती बघंल."

पौर्णिमेला तुळजापूरला गेलेच. देवीपुढं परडी टेकवली. जुना भाव काही परत आला नाही, मागणंही सुचलं नाही. पुजाऱ्यानं विचारलं, "ठेवायची का, बाई?"

"न्हाय," मी म्हणाले, "मंगळवारी लागंल."

कोरडेपणा त्यानंतरही दोन-अडीच वर्षं होता. पण आपण जात नाही त्या दिवशीही आपल्या वाट्याचं कुणीतरी काढून ठेवतंय, एवढं कळलं होतं, आणि तेवढ्यावर मी ते दिवस काढले. मग कधीतरी, माझ्याही नकळत, दिवा लावताना पुन्हा हात जोडावेसे वाटू लागले. आता सासूबाई नाहीत, चाचीही नाही. मंगळवारी परडी हातात घेतली की अंबाबाईच्या आधी मला चाचीच आठवते, आणि देवीला त्याचा राग येत असेल असं मला मुळीच वाटत नाही.