कोरियाचा वॉन आणि काष्टीचे दाजी

कोरियाचा वॉन, म्हणजे तिकडचा रुपया, घसरला म्हणून ज्याच्या हातातला चहा सांडतो, असा माणूस अख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात एकच, आणि तो म्हणजे माझे थोरले साडू. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही. काष्टीला त्यांचं पशुखाद्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक सरकी पेंड मागत असतं आणि दाजी मोबाईलवरच्या जपानी येनच्या भावाकडे, बिळातून साप निघाल्यासारखे बघत असतात. "येन पडला," ते पुटपुटतात. "म्हंजी पेंड महागली का काय?" गिऱ्हाईक विचारतं. "पेंडीचं न्हाई हो, आमच्या प्राजूचं काय हुईल?"

प्राजू ही त्यांची एकुलती एक लेक. अमेरिकेत, दवाखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. ही यंत्रं बहुतेक कोरिया-जपानातच खपतात. तिकडचा पैसा पडला, की तिथल्या लोकांना अमेरिकेचा माल महाग होतो; मागणी थांबते, कंपनीचे शेअर गडगडतात आणि माणसं कमी होतात. हे दाजींना कळलं आणि त्यांची झोपच उडाली. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी शेजारच्याला इंडोनेशियाचं चलन इतकं मन लावून समजावलं, की जिलेबी दोघांनाही टाळून पुढे गेली.

आम्ही हसायचो. मग एका आठवड्यात आशियातली चलनं एकामागून एक कोसळली, मागोमाग अमेरिकेचा शेअरबाजारही, आणि प्राजूचा फोन लागेना. काष्टीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी मी गेलो, तर दाजी दुकान उघडं टाकून बैलबाजारात उभे. चेहरा पांढराफटक.

"घरात ही सारखी इचारती, पोरीचा फोन का न्हाई. काय सांगू? मला लई भ्या वाटतंय, पाव्हणं."

तेवढ्यात प्राजूचाच फोन आला. दाजींनी घाईघाईनं स्पीकर लावला.

"पप्पा, माझी नोकरी गेली. आठवडा झाला. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही."

मी दाजींचा दंड धरला. त्यांचा आवाज मात्र सरळ आला.

"तू घाबरलीस का?"

"हो."

"मग रड, बाळा. मी हाय हितं."

त्यांनी स्पीकर बंद केला आणि बैलांच्या हंबरण्यात कितीतरी वेळ फोन कानाला दाबून उभे राहिले.

पुढचे महिने फार वाईट गेले. दुसरी नोकरी मिळाली नसती, तर व्हिसा संपून तिला तो देश सोडावा लागला असता. शेवटी तिकडेच, दुसऱ्या गावातल्या एका लहान कंपनीत ती लागली. मी अभिनंदन करायला गेलो. "बरं झालं, पोरीचा घोर मिटला," दाजी हसून म्हणाले आणि मला न्हाणीघराकडे घेऊन गेले. भिंतीवर कोरा करकरीत गिझर होता.

"ती परत येईल म्हणून बसवला हुता. तिकडं राहून गार पान्याची सवय मोडली असंल."

त्यांनी नळ सोडला, पाणी ऊन झालंय का ते बोटांनी पाहिलं आणि नळ हळूच बंद केला.

"आता काय, आमीच वापरू."