वर्तुळ तिला दिसलं होतं

जे सांगायचं आहे ते आधीच लिहितो, नाहीतर पुन्हा टाळीन. ज्या कामामुळे मला लोक ओळखत, त्यातली मुख्य गोष्ट माझ्या विद्यार्थिनीच्या लक्षात आली होती, माझ्या नव्हे.

पुण्यात आय.टी. कंपन्या नव्याने उभ्या राहत होत्या तेव्हाची ही गोष्ट. परदेशातल्या एका प्रयोगाची माहिती आमच्या विभागात यायची. प्रोटॉन आदळले की कणांचे झोत उडतात. त्यातला कुठला झोत जड बॉटम क्वार्कचा, हे ओळखणं आमच्याकडे होतं. खूण अशी, की त्या क्वार्कपासून झालेला कण टकरीच्या जागेपासून काही मिलिमीटर पुढे जाऊन फुटतो. पण असे झोत आम्हाला अपेक्षेपेक्षा फार जास्त सापडत होते.

ती चंद्रपूरची. वाघोलीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. एका दुपारी चहाच्या वेळी ती कागद घेऊन आली. कण फुटण्याच्या सगळ्या जागा तिने ठिपक्यांनी मांडल्या होत्या. त्यांचं स्वच्छ वर्तुळ झालं होतं.

"सर, ही नळी आहे. प्रोटॉन धावतात ती. साधे कण तिच्या भिंतीवर आपटून फुटतात अन् आपण त्यांना बॉटम समजतो."

"अहो बाई, आपण क्वार्क शोधतोय की बांगड्या?"

सगळे हसले. तीही थोडी हसली.

पुढे ती हिंजवडीला कंपनीत लागली. त्यानंतर एकदा, खोलीत कुणी नसताना, मी वर्तुळावरचे ठिपके वगळून पाहिले. उत्तर अपेक्षेशी जुळलं. मी त्यावर प्रयोगासाठी शोध-टिपण लिहिलं. काम सोडून गेलेल्यांची नावं टिपणावर राहत नसत. मार्गदर्शकाने दोन ओळींचं पत्र दिलं तर मात्र राहत. मी दिलं नाही. तिचं नाव राहिलं असतं, तर मी हसलो होतो हेही सगळ्यांना आठवलं असतं.

वर्षभराने तिचा फोन आला. "सर, पीएच.डी.साठी बाहेर अर्ज करतेय. टिपणावर नाव असलं तरच विचार करतील. काही होईल का?"

"नियमात बसत नाही गं."

"बरं, सर."

तिने अर्ज केला नाही, हे मला पुढे कुणाकडून तरी कळलं.

बायको गेल्यापासून खडकीच्या घरात मी एकटाच असतो. गेल्या महिन्यात त्या प्रयोगाच्या लोकांना सगळं कळवलं. जुनं टिपण आता बदलता येत नाही, असं सौजन्याचं उत्तर आलं. मग तिचा नंबर मिळवला आणि पत्राची सवलत होती हे तिला सांगितलं. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली.

"ते मला तेव्हाही माहीत होतं, सर."

"मग पत्र मागितलं का नाहीस?"

"फोन केला होता ना."

तिनेच तब्येतीची चौकशी केली. बरी आहे, म्हणालो.