नाल्याच्या तोंडाशी प्रवाळ

ओहोटी लागली की आमच्या वस्तीमागच्या खडकावर मुठीएवढं तपकिरी प्रवाळ उघडं पडतं. शेजारीच नाल्याचं काळं पाणी समुद्राला मिळतं. लाट अंगावर गाळ टाकते, प्रवाळ चिकट बुळबुळीत पाझर सोडून तो ढकलून देतं. पुन्हा लाट, पुन्हा गाळ.

काल शेजारचे काका निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पाण्यात सोडून हात जोडत होते. मी त्यांना प्रवाळ दाखवलं.

"बघ पोरी, इथंही जगतंय! म्हणजे पाण्याला काही झालेलं नाही."

माझं डोकंच फिरलं. या नाल्याकाठी वाढलेल्या आम्हालाही लोक असंच म्हणतात, तुम्हाला काय, सवय आहे. मी गुडघाभर पाण्यात उतरले आणि पिशवी आणून त्यांच्या हातात ठेवली.

"चिवट असलं, म्हणून कुणाच्या अंगावर काहीही टाकायचं नसतं, काका."