मालक झोपले, मला नोकरी लागली

मंडळी, आज नात माझ्यावर रुसलीय. नवं लायसन मिळालं म्हणून तिनं मला पिरंगुटच्या घाटातनं गाडीनं फिरवून आणलं. "आबा, माझं चालवणं बघायला आलात, आणि घोरत काय बसलात?"

खरंय. डोळा लागला आणि साठ वर्षांपूर्वीचा हाच घाट दिसायला लागला.

तेव्हा ट्रकचं लायसन माझंही नवंच होतं, पण कायमचं काम कुणी देईना. शेवटी मुळशीतले एक ट्रकमालक म्हणाले, "कोळसा पुण्याला न्यायचाय. तू चालव, मी बसतो शेजारी."

हिवाळ्यातली सकाळ होती. काचेपुढं धुकं, मागं कोळशाचा वास. गाडी ढगातनं चालल्यासारखी वाटत होती. मधेच बघितलं, तर मालकांची मान छातीवर. यांनी काही बघितलंच नाही, तर काम कसं देणार?

भूगावला ते जागे झाले. जांभई देत म्हणाले, "नव्या डायवरशेजारी मला कधी झोप लागत न्हाई. आज लागली. उद्यापासनं गाडी तुझी."

नातीला हे अजून सांगितलेलं नाही. आता सांगतो.

तुम्ही कुणाच्या शेजारी असे बिनघोर झोपता?