लंकेच्या बंगल्याला पाठराखीण

नातीनं मोबाइलवर न्हाणी दाखवली. न्हाणीला छप्पर नव्हतं. चारी बाजूंनी दगडी भिंत, कोपऱ्यात केळी आणि वर उघडं आभाळ. अशा न्हाणीचे जास्तीचे पैसे पडतात असं तिनं मोठ्या कौतुकानं सांगितलं. मी सासरी आले तेव्हा आमची न्हाणी थेट अशीच होती, फक्त केळीच्या जागी एरंड होता. तिच्यावर चार पत्रे टाकावेत म्हणून मी नवऱ्याशी अर्धा जन्म भांडले. शेवटी पत्रे चढले, आणि आता नात मला परत उघड्यावर आंघोळीला परदेशी नेणार.

त्याचं असं झालं, की आमच्या लग्नाला ह्या वैशाखात पन्नास वर्षं होतात. नात पुण्याला कंपनीत आहे. तिनं ठरवलं की आजी-आजोबांच्या पन्नाशीला सगळ्यांनी श्रीलंकेला जायचं आणि समुद्राकाठी एक आख्खा बंगला घ्यायचा. ती त्याला व्हिला म्हणते. मुलगा, सून, नात, नातू, लेक, जावई आणि आम्ही दोघं म्हातारे, असे आठ जण. लंकेत सोन्याच्या विटा, आपल्याला काय त्याचं, असं म्हणत आमची पिढी म्हातारी झाली. आता त्या विटांत राहायला जायचं म्हटल्यावर मी काही नाही म्हणणार नव्हते.

जवळा बाजारच्या अलीकडं आमचं गाव. संध्याकाळी नातीचा व्हिडिओ कॉल यायचा आणि आम्ही बंगले बघायचो. स्थळं बघावीत तसे बघितले. एक रंगानं उजळ, पण पायऱ्या फार. एक देखणा, पण शेजार वाईट. शेवटी पसंत पडला त्याच्या अंगणात पोहायचा हौद होता आणि त्याच्या काठावरून पाणी सारखं सांडत होतं. आमच्या घरी हौद भरून वाहिला की सासूबाई माझ्या माहेरचा उद्धार करायच्या. इथं तो मुद्दाम वाहता ठेवतात आणि माणसं त्याच्याकडं बघत खुर्चीवर पडून राहतात. पलंगावर फुलांच्या पाकळ्या, टॉवेलचे केलेले दोन हंस, आणि हुकूम सोडला की स्वयंपाक करून देणारा माणूस. नात म्हणाली, ही खोली तुमची, खास नवरानवरीची.

नवरानवरीची खोली म्हटल्यावर मला आमची शहाणी आठवली. शहाणी म्हणजे मीच, नव्यानं लग्न झालेली. तिला मी आता वेगळीच बाई धरते, म्हणजे तिच्यावर मनासारखं हसता येतं.

शहाणी मॅट्रिक होती आणि हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवायची. कुठल्याशा मासिकात तिनं वाचलं होतं की लग्न झाल्यावर नवराबायकोनं थंड हवेच्या ठिकाणी जायचं असतं. तिनं नवऱ्याच्या मागं टुमणं लावलं. नवरा गरीब. त्यानं आपल्या बुद्धीप्रमाणं थंड हवेचं ठिकाण निवडलं. नांदेड. वैशाखात. तिथं लॉजमध्ये पंखा असतो, एवढं त्याला ठाऊक होतं.

शहाणी खूश. तिनं काळा गॉगल मागवून घेतला. जायच्या दिवशी डोक्यावर पदर आणि डोळ्यांवर गॉगल असा तिचा थाट होता. मोतीबिंदू काढून आणलेली बाई दिसत होती, पण हे तिला सांगणार कोण. ओसरीवरून उतरते तर पुढं आमची थोरली जाऊ, हातात पिशवी घेऊन, चपला घालून तयार. आमच्याकडं नवी नवरी पहिल्यांदा सासरी येते तेव्हा माहेरचं कुणीतरी पाठराखीण म्हणून सोबत येतं. सासूबाईंनी ती रीत आणखी ताणली. नवी सून पहिल्यांदाच गावाबाहेर चालली, तर सोबत पाठराखीण नको का. म्हणून आक्काला, म्हणजे माझ्या जावेला, धाडलं.

एसटीत शहाणीनं खिडकी धरली आणि नांदेड येईपर्यंत तोंड बाहेर ठेवून रुसून बसली. मधे आक्का, मांडीवर माझी पेटी. पलीकडं नवरा. सिनेमालाही तसंच, मधल्या खुर्चीवर आक्का. लॉजमध्ये खोली एकच होती. आम्ही दोघी पंख्याखाली पलंगावर झोपलो आणि ज्याचं लग्न झालं होतं तो बाहेर बाकावर डास मारत बसला. शहाणी उशीत तोंड खुपसून रडली. आक्का तिला विंझणवारा घालत राहिली, वर पंखा चालू असताना. तिला त्या पंख्याचा भरवसा नव्हता.

एवढं झालं आमचं थंड हवेचं ठिकाण.

आता ह्या लंकेच्या प्रकरणात आक्का कशी शिरली ते सांगते. आमच्याकडं आणखी एक रीत आहे. आपण कुठं निघालो आणि कुणी भेटलं की म्हणायचं, "चला की." बाजार असो, बारसं असो, दवाखाना असो. समोरच्यानं म्हणायचं, "व्हा तुमी पुढं." त्यात यायचं कुणाला नसतं आणि न्यायचंही नसतं. बोलण्याला मीठ हवं म्हणून ते असतं.

वाटण्या झाल्यापासून आक्का भिंतीपलीकडं राहते. दीर वारले, ती मुलापाशी असते. एक दिवस ती येऊन बसली. मी शेंगा फोडत होते. मोबाइलात मी तिला बंगला दाखवला, न्हाणी दाखवली, हौद दाखवला, आणि रीतीप्रमाणं म्हटलं, "चला की आक्का तुमीबी."

तिनं म्हणायचं होतं, व्हा तुमी पुढं.

ती म्हणाली, "येते की."

मला वाटलं थट्टा करून राहिली. मी शेंगा फोडत राहिले.

पण आक्का थट्टा करणाऱ्यांतली नाही. पुढच्या आठवड्यात ती मुलाच्या गाडीवर बसून हिंगोलीला गेली आणि फोटो काढून आली. मग नांदेडला जाऊन पासपोर्टचा अर्ज देऊन आली. मग चौकशीला पोलीस आला आणि आख्खी गल्ली गोळा झाली. पोलिसानं समोरच्या किराणावाल्या चाचांना विचारलं, ह्या बाईवर काही गुन्हा वगैरे आहे का. चाचा म्हणाले, "साहब, इनो गली के बाहर नहीं गये, गुन्हा कब करते?" पोलिसानं चहा घेतला आणि गेला. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की बाई खरंच येऊन राहिली.

मी नातीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग समजुतीच्या सुरात सांगितलं की बंगलेवाल्याची अट आठ माणसांची आहे. नववं माणूस तो उंबऱ्याच्या आत घेत नाही. मी म्हटलं, एवढाल्या खोल्या आहेत, एकेकीत सतरंजी टाकली तर जवळ्याचं अर्धं वऱ्हाड झोपेल. नात म्हणाली, आजी, ते मंगल कार्यालय नाही. पैसे भरलेले, आठ तिकिटं काढलेली. "तूच सांग ना त्यांना," ती म्हणाली, "तुझ्या जाऊबाई आहेत. समजून घेतील."

समजून घेईल ह्यात शंकाच नव्हती. आजवर तिनं दुसरं केलं काय. पण पुढं होऊन बोलावलेल्या माणसाला नको म्हणायचं तोंड मी कुठून आणू?

तरी गेले. आक्का ओसरीवर ज्वारीचं पीठ चाळत बसली होती, पिशवीत भरून लंकेला न्यायला. भातानं माझं पोट धरतं हे तिला माझ्याहून बराबर माहीत.

मी आडून सुरुवात केली. विमानात लई तकलीफ असते, पाय सुजतात, म्हटलं. ते आताही सुजलेलेच आहेत, ती म्हणाली. तिथलं पाणी खारट, म्हटलं. मला कुठं समुद्र प्यायचाय, म्हणाली. मग मी सरळच म्हटलं, आक्का, तुम्हाला खरंच यायचंय का, का मी म्हटलं म्हणून?

तिनं चाळणी खाली ठेवली.

"नांदेडाला गेले ते सासूबाई म्हणल्या जा, म्हून. नणंदेच्या बाळंतपणाला परभणीला गेले, तवाबी जा म्हणल्या. ह्यांच्या दवाखान्याला पोरगं म्हणलं जा. चल म्हणणारं कुणी भेटलं न्हाई मला. तू म्हणलीस."

"आक्का, चला की तर सारं गावच म्हणतंय."

"म्हणतंय ना. पण न्हाणी दाखवून कुणी म्हणतंय का?" आणि तिनं परत चाळणी उचलली.

मी उठून आले. येताना तिनं वाटीभर तीळकूट हातात दिलं, तेही घेऊन आले.

आता आठ माणसांतलं एक कमी करायचं होतं. लेकरांना सोडता येत नव्हतं. सुनेला गाळावं असं क्षणभर मनात आलं, पण तिनं पोहायचा पोशाख घेऊन ठेवला होता. राहिले आमचे हे.

ह्यांचं मन तसंही लंकेत नव्हतं. शिजवलेली हळद अंगणात वाळत पडली होती आणि ती टाकून कुठं येऊ, असं ते अधूनमधून पुटपुटायचे. पण नातीसमोर आला की माणूस गार. तिनं आजोबा म्हटलं की हळदही विसरायचे आणि विमानही कबूल करायचे. म्हणून मीच कामाला लागले.

जेवताना सहज सांगितलं, विमानात तंबाखू चालत नाही. घास थांबला. पण फार वेळ नाही, पुढं जेवले. दुसऱ्या दिवशी सांगितलं, नातीनं आपल्या दोघांना एकाच कापडाचे कपडे आणलेत, मोठाली फुलं आहेत, आणि तुमची चड्डी गुडघ्याच्या वर आहे. त्यावर त्यांनी पाणी मागितलं, तेही संपवलं आणि म्हणाले, फोटोपुरती घालू. म्हातारा चिवट. तेव्हा मी ठेवणीतलं काढलं. ते मात्र खरं होतं, नातीनंच सांगितलेलं.

म्हटलं, "एका संध्याकाळी आपल्या दोघांचंच जेवण हाय. समुद्राच्या काठी, मेणबत्ती लावून. बाकी कुणी नसतं. दोन तास समोरासमोर बसायचं अन् बोलायचं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पन्नास वर्षांत असं घाबरून बघितलेलं मला आठवत नाही.

"दोन तास?"

"व्हय."

"काय बोलायचं?"

"ते तुमचं तुमी ठरवा."

ते उठले, हात धुतले, अंगणात गेले आणि हळद उलथीपालथी करत राहिले. परत आले तेव्हा चेहरा मोकळा होता. म्हणाले, मी येत नाही, पोरीला तू सांग. मग दारातच थांबून म्हणाले, "लंकेला गेलेल्या बाईला परत आणायला लई तकलीफ असती बघ. माज्यापाशी वानरं न्हाईत. तुजी तूच ये."

मी त्यांना सांगितलं, मला आणायला आक्का आहे. ते खाली बघून हसले. मला वाटतं, माझी सगळी लबाडी त्यांना पहिल्या दिवसापासून कळली होती. तंबाखूचं काढलं तेव्हाच कळली असावी. पण ते दोन तास मात्र त्यांना खरोखर झेपले नसते.

नात फोनवर रडवेली झाली. आजी, लग्नाचा वाढदिवस तुमच्या दोघांचा, आणि आजोबाच नाहीत? मग ती खोली, त्या पाकळ्या, ते हंस, त्याचं काय करायचं?

मी तिला सांगितलं, हंस राहू दे. पन्नास वर्षं मोजायचीच तर नीट मोज. तुझे आजोबा पहाटे शेतात जायचे ते दिवेलागणीला यायचे. दिवसभर चुलीपाशी, पाणवठ्यावर, निंदणीला, तुझ्या बापाच्या आजारपणात माझ्यासोबत कोण होतं? तुझा बाप झाला तेव्हा पहिली आंघोळ कुणी घातली? मेणबत्तीपुढं दोन तास काय बोलायचं हे आम्हा दोघींना कुणी शिकवायला नको. मेणबत्ती विझेल, आमचं संपायचं नाही.

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग कॉम्प्युटरची टकटक. पोरगी लगेच कामाला लागली होती. आजोबांचं तिकीट रद्द करून आक्काचं काढलं. बंगलेवाल्याला कळवायचं होतं की नवरानवरीच्या खोलीत नवरा येत नाही, दुसरं माणूस येतंय. तो नातं विचारतो, म्हणाली. काय लिहू?

"लिही, पाठराखीण."

त्याला काय कळणार, म्हणाली. मी म्हटलं, त्याचं तो बघेल, तू लिही.

मग मी भिंतीपलीकडं गेले. काय आणि कसं जमलं ते आक्काला काही सांगितलं नाही. फक्त तिकीट आलं, आपली दोघींची एकच खोली आहे, पंखा नाही पण गार हवेचं यंत्र आहे, एवढं सांगितलं. यंत्रावर तिचा भरवसा दिसला नाही. विंझणा घेऊन येते, म्हणाली. विमानात आपण शेजारी शेजारी आहोत, तेही सांगितलं.

तिनं ज्वारीच्या पिठाच्या पिशवीला गाठ मारली, ओढून बघितली, आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली,

"ह्या टायमाला खिडकी माजी."