रहिवाशांची खुर्ची

धुलाईवाल्या काकूंच्या जिभेला हाड नव्हतं. गल्ली त्यांना माघारी 'तोफ' म्हणायची. पण कपडे असे धुवायच्या, की बोट ठेवायला जागा नाही! घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांच्या दोऱ्या. तिथे दवाखान्यांच्या चादरी वाळायच्या, त्यावर घर चालायचं. नवरा अंथरुणाला खिळलेला, दुसरी मिळकत नाही.

त्या जागेवर दहामजली इमारत उठणार असं कळलं आणि काकूंनी कंबर कसली. "आमच्या दारातलं ठरवणार आणि आम्हाला विचारणार कोण? मेलोय का आम्ही?" असं म्हणत त्यांनी अख्खी गल्ली नगरपालिकेच्या दारात नेऊन बसवली. चपला झिजल्या, घसे बसले. शेवटी पालिका नमली. बांधकाम समितीत एक खुर्ची रहिवाशांची, मतासकट! गल्लीने काकूंनाच पाठवायचं ठरवलं. काय हरखली होती बाई!

सभेच्या आदल्या दिवशी विरोधी पक्षाचा नगरसेवक दुकानात आला. काकूंचं जुनं गिऱ्हाईक.

"काकू, उद्या सभेला जाऊ नका. आम्हीही जाणार नाही. कारण असं की..."

"कारण कळतंय मला!" काकूंनी इस्त्री आदळली. "किती खाल्लंस रे? तुझे सदरे धुतलेत मी, मला शिकवतोस? चल, नीघ!"

"अहो, ऐकून तर घ्या!"

ऐकून घेणं काकूंच्या रक्तातच नव्हतं. बिचारा उठून गेला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष दारापर्यंत सामोरे आले. खुर्ची ओढून दिली, पाणी मागवलं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. सचिवाने माणसं मोजली आणि म्हणाला, "कोरम पूर्ण."

काकू बोलल्या. चादरी, ऊन, आजारी नवरा, पोरांचं खेळणं, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. कुणी मध्ये तोंड घातलं नाही. मग मतदान झालं. विरोधात हात एकट्या काकूंचा. विषय मंजूर!

बाहेर पायरीवर नगरसेवक डोकं धरून बसला होता.

"काकू, मतांनी आम्ही हरणारच होतो. म्हणून सभाच होऊ द्यायची नव्हती. आज मंजुरी मिळाली नसती तर बिल्डरची मुदत संपत होती. कोरमला त्यांना एकच माणूस कमी पडत होतं."

ते माणूस कोण, हे त्याने सांगितलं नाही. सांगायला हवं होतं थोडंच! आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता बाईने. तोफ तशीच गल्लीकडे चालू लागली.

गल्लीच्या तोंडाशी सगळे वाट बघत उभे होते. शेजारीण पुढे धावली.

"काय झालं, काकू? बोलू दिलं का?"

"दिलं गं. पोटभर बोलू दिलं मेल्यांनी," काकू म्हणाल्या, आणि तिथेच रस्त्यात बसून हमसून हमसून रडायला लागल्या.